दारूनं पैलवानाचं हृदय होत नाही

‘रोज एक क्वार्टर घेणाऱ्याच्या नसा तुंबत नाहीत, चरबी वितळते, हृदय पैलवानासारखं मोठं होतं आणि दारू अचानक सोडली तर ते बंद पडतं.’ हा मेसेज सध्या कोल्हापुरात तालमींच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. परवा तो मामानं मला पाठवला. खाली स्वतःची ओळ: ‘वाच, उगंच माझ्या मागं लागतोस.’ म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

आधी ते पैलवानाचं हृदय. कुस्तीच्या गावात असलं लिहायला हात कसा धजावतो? मेहनतीनं हृदय वाढतं तेव्हा स्नायू कमावलेला असतो, एका ठोक्याला जास्त रक्त फेकलं जातं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याचं हृदयही मोठं दिसतं, पण ते ताण गेलेल्या इलास्टिकसारखं सैल पडलेलं असतं. दारू आणि तिच्यापासून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड हृदयाच्या पेशींना थेट इजा करतात. स्नायू कमजोर होतो, डावा कप्पा फुगतो, भिंती पातळ पडतात. याला अल्कोहोलिक कार्डिओमायोपथी म्हणतात. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर टाकतं. मामाच्या टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हा आकडा ३० टक्के आलाय. संध्याकाळी पायताण काढलं की पावलावर पट्ट्याचा खोल वळ असतो, घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहतो. आडवं झालं की दम लागतो, म्हणून तीन उशा लावून झोपतो. हे कुठल्या पैलवानाचं लक्षण?

नसांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं का होईना, मान्य करतो. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९ देशांतल्या जवळपास ६ लाख पिणाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात पिणं वाढेल तसं हार्ट अटॅकचं प्रमाण किंचित कमी दिसलं. मेसेजवाले एवढंच धरून बसतात. त्याच अभ्यासात पिण्याबरोबर पक्षाघात वाढला, हार्ट फेल्युअर (हृदयाला पुरेसं रक्त फेकता न येणं) वाढलं, उच्च रक्तदाबानं होणारे मृत्यू वाढले. आठवड्याला १०० ग्रॅम अल्कोहोलच्या पुढं आयुष्यच कमी होत गेलं. व्हिस्की-रमच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे रोज क्वार्टर घेणारा दुसऱ्याच रात्री आठवड्याची हद्द ओलांडतो! शिवाय इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना तो किंचित फायदाही दिसला नाही.

चरबी वितळत नाही. उलट जास्त दारूनं रक्तातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबीच, वाढतं. ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

सगळ्यात घातक आहे ती शेवटची ओळ, कारण ती अर्धी खरी आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भास, फिट येणं असं होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. पण म्हणून पीत राहायचं नसतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरज पडली तर दाखल होऊन, गोळ्या घेऊन सोडायची असते. पूर्ण सोडली तर अनेकांच्या हृदयाचं पंपिंग काही महिन्यांत सुधारतं, आणि हे मेसेजमध्ये कुठंच नाही. मामा त्या एका ओळीच्या भीतीनं दाखल व्हायला तयार नाही. ज्यांनी हा मेसेज पुढं ढकललाय त्यांनी आजच्या आज तो काढा, आणि ज्यांना पाठवला त्यांना स्वतः फोन करून सांगा.