मधली अक्षरं कशीही असली तरी चालतात?

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. केंब्रिज विद्यापीठात म्हणे संशोधन झालं: शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की पुरे, मधली कशीही उलटसुलट करा, वाचणाऱ्याचं काही अडत नाही. त्याला पुढे शेपूट जोडलेलं असतं, ‘तेव्हा तपासत बसू नका, लिहा आणि टाका.’

आधी केंब्रिजचं. २००३ साली हा मजकूर इंग्रजीत ईमेलवरून पसरला, तेव्हा केंब्रिजमध्येच भाषा आणि मेंदूवर काम करणाऱ्या मॅट डेव्हिस यांनी त्याचा माग काढला. तिथे असं संशोधन कुणी करत असल्याचं त्यांना आढळलं नाही. धागा पोचला तो ग्रॅहम रॉलिन्सन यांच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या १९७६च्या प्रबंधापाशी.

‘काही अडत नाही’ म्हणाल, तर अडतं. २००६ मध्ये कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी वाक्यांवर हे मोजलं. मधली अक्षरं हलवली की वाचनाचा वेग ११ टक्क्यांनी घटला, शेवटची हलवली तर २६ आणि सुरुवातीची हलवली तर ३६ टक्क्यांनी. म्हणजे मधल्या अक्षरांचा फटका सर्वांत कमी, एवढाच त्या मजकुरातला खरा अंश.

मराठीत तर हा खेळ नीट मांडताही येत नाही. ‘घर’ला मधलं अक्षरच नाही, ‘कागद’ला एकच आहे. आणि लांब शब्दात अक्षर हललं तर काना-वेलांटीने त्याच्याबरोबर जायचं की जागेवर थांबायचं?

पण माझं खरं भांडण त्या शेपटाशी आहे. वाचणारा मेंदू चुकीचं बरोबर करून घेतो हे मान्य. म्हणूनच तर स्वतःचं लिखाण तपासणं इतकं अवघड! काय लिहायचं होतं ते आपल्याला आधीच पाठ असतं, त्यामुळे डोळ्यांना कागदावरचं न दिसता मनातलं दिसतं. एका कार्यक्रमानंतर मी पाहुण्यांना पत्र पाठवलं होतं. तीनदा वाचलं, मगच पाठवलं. त्यात शेवटी होतं, ‘आम्ही आपले आजारी आहोत.’ आभारीच्या जागी आजारी. पहिलं अक्षर बरोबर, शेवटचं बरोबर, बिघडलं ते मधलं एकच. शब्दकोशात दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे स्पेलचेकरही गप्प. पाहुण्यांनी तब्येतीची चौकशी करणारा फोन केला तेव्हा मला कळलं.

तेव्हापासून तपासताना मजकूर परका वाटेल असं काहीतरी करतो. एक रात्र मधे जाऊ देतो, फॉन्ट बदलतो, मोठ्याने वाचतो. नावं, तारखा आणि आकडे यांच्यासाठी वेगळी फेरी, कारण तिथली चूक वाक्य वाचून कळत नाही. आणि पत्र असेल तर शेवटची ओळ सगळ्यात आधी.