सोडून द्यायचा पक्षी कोणता आणि सांभाळायचा कोणता

पक्ष्यांवर दया करण्याची जी रीत आपल्या सोलापुरात पडली आहे, ती मला नेमकी उलटी वाटते. रानातला हिरवा पोपट आपण हौसेने पिंजऱ्यात कोंडतो आणि त्याला ‘विठू विठू’ शिकवतो. उलट पिंजऱ्यातच जन्मलेला बजरीगर किंवा कॉकॅटील असा लहान परदेशी पोपट नकोसा झाला, की त्याला सिद्धेश्वर तलावाच्या काठी नेतो, पिंजऱ्याचे दार उघडतो आणि पुण्य केल्याच्या समाधानाने घरी परततो. ज्याची जागा आकाशात आहे तो कोंडलेला राहतो आणि ज्याला घराची गरज आहे तो रस्त्यावर येतो. सुटका केलेले पक्षी दत्तक घेण्याविषयी अलीकडे बरेच जण विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हिरव्या पोपटाचा विषय थोडक्यात संपवतो. आपल्या देशातले सर्व जातींचे पोपट १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे आणि घरात पाळणे हा गुन्हा आहे, मग तो पोपट विकत घेतलेला असो, भेट आलेला असो वा झाडाखाली सापडलेला असो. उन्हाळ्याच्या तोंडावर झाडांच्या ढोलीतून पिल्ले काढून ती बाजारात आणली जातात. त्यातले एखादे ‘वाचवले’ म्हणून पैसे देऊन घरी आणणे म्हणजे पुढच्या ढोलीत हात घालायला पैसे पुरवणे होय. असा पोपट दत्तक घेताच येत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून तो त्यांच्या ताब्यात द्यावा. माणसाच्या हातावर वाढलेल्या पोपटाला लगेच सोडता येईल की आधी काही दिवस तयार करावे लागेल, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

खरा प्रश्न परदेशी पक्ष्यांचा आहे. ज्याला आपण सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतो तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातला. तिथे तो थव्याने राहतो आणि पाण्याच्या शोधात दूरदूर उडत जातो, म्हणून ‘तो उन्हाला सरावलेला आहे, आपल्याकडेही जगेल’ असे काही जण सांगतात. परंतु पिवळा, पांढरा, निळा असे रंग काढण्यासाठी पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्याला ना थवा असतो, ना खाणे शोधण्याची सवय, ना शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याची ओळख. सोडल्यावर तो उपाशी मरतो किंवा कावळ्यांच्या तोंडी जातो. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव जनावर सोडून देणे हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानेही गुन्हाच ठरतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

हे पक्षी नकोसे का होतात, याचे उत्तर पुष्कळदा पिंजऱ्यात टांगलेल्या मडक्यात सापडते. जोडी आणली की दुकानदार घरट्यासाठी मडके देतो, मादी एका वेळी चार ते सहा अंडी घालते, अठरा-वीस दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि वर्षभरात घरात इतके पक्षी होतात की ते वाटत फिरावे लागते. म्हणून दत्तक घेणाऱ्याला माझी पहिली सूचना असते की मडके काढून टाकावे. सारखी अंडी घालून मादीच्या हाडांतले कॅल्शियम झिजते आणि कधी अंडे अडकून ती दगावते. पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेन अवश्य असावा, पण तो मडक्याच्या जोडीला नव्हे.

माझ्या घरातला कॉकॅटील एका बदली झालेल्या कुटुंबाकडून आला, तेव्हा त्याने छातीची पिसे स्वतःच उपटून खालची गुलाबी कातडी उघडी केली होती आणि सूर्यफुलाच्या बियांशिवाय तो कशाला चोच लावत नव्हता. नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व मिळत नाही आणि त्याच्या यकृतावर चरबी साचते. मात्र बिया एकदम बंद केल्या तर तो हट्टाने उपाशी राहतो. त्यामुळे राळे आणि बाजरी यांच्याबरोबर मोड आलेली मटकी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला असे एकेक पुढे करत राहावे लागते. त्याला अखेर वश केले ते ज्वारीच्या कोवळ्या कणसाने. कणीस जाळीला आडवे बांधले की तो तुरा उभारून आधी लांबून पाहतो, मग एका पायावर तोल सावरत एकेक दाणा सोलतो आणि फोलपटे सगळ्या खोलीभर उडवतो. हुरड्याच्या हंगामात आमच्या घरी पहिला मान त्याचाच असतो.

दागिने मोजायच्या छोट्या काट्यावर काडी ठेवून मी त्याला नियमाने तोलतो. पक्षी आजारपण लपवतात. पिसे फुगवून तो कोपऱ्यात बसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. नव्वद ग्रॅमच्या पक्ष्याचे नऊ ग्रॅम वजन उतरले तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण ती दहा टक्के घट असते.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच प्रश्न आहे. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून आणि पंख अंगापासून दूर धरून तो धापा टाकू लागला की त्याला उष्मा सोसत नाही असे समजावे. पत्र्याच्या छपराखाली पिंजरा नकोच. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे साठवणीचे पाणी झाकलेले असावे आणि वाटीतले दिवसातून दोनदा बदलावे. धूर तर पक्ष्याचा वैरीच: उदबत्ती, डासांची कॉइल, मिरचीची फोडणी आणि पूर्व भागातल्या घरांत यंत्रमागाची बारीक पिंज, हे सारे त्याच्या श्वासनलिकेला त्रासदायक असते. त्याहून घातक म्हणजे जास्त तापलेला नॉनस्टिक तवा. त्याच्या वासहीन वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. ज्या घरात पक्षी आहे तिथे लोखंडी तवा वापरावा, हे मी आग्रहाने सांगतो.

नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा आणि त्याची वाळलेली विष्ठा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण तिच्या धुळीतून पॅरट फीव्हर हा फुफ्फुसांचा आजार माणसाला होऊ शकतो. गाई-म्हशींचे अनुभवी डॉक्टर आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, पण पक्षी तपासण्याचा सराव असलेले शोधावे लागतात आणि गुंतागुंतीच्या आजारात अडीचशे किलोमीटरवरचे पुणे गाठावे लागते. तो खर्च आणि ती धावपळ झेपणार नसेल तर पक्षी घेऊ नये. दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पूड अंदाजाने पाण्यात मिसळणे हा उपचार नव्हे, कितीही जणांना ‘गुण आला’ असला तरी.

विचारणा करणाऱ्या बहुतेकांना लहान, बोलणारा आणि हातावर येणारा पक्षी हवा असतो. माझ्या मते पंख अधू झालेल्या किंवा वय झालेल्या पक्ष्याला घर आधी मिळायला हवे. कॉकॅटील नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो, म्हणून मी घरात कोण कोण आहे, मुलांच्या परीक्षा कधी आहेत, दिवाळीत गावी गेल्यावर त्याला कोण पाहणार, हे सगळे विचारतो. काहींना त्या चौकशीचा राग येतो. मांजर असलेल्या घराला तर मी थेट नाही म्हणतो, मग ते मांजर कितीही गरीब असल्याचे मालकाने शपथेवर सांगितले तरी.