ओला कोट

माझं कराडला रंगाचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत दिवसातून दहा वेळा मी एकच वाक्य बोलतो, "साहेब, ओल्या कोटावरून शेड ठरवू नका, दोन हात होऊ द्या, वाळू द्या, मग बोला." गिऱ्हाईक ऐकत नाही. संध्याकाळी फोन येतोच, अहो हा तर पिस्ता दिसतोय, आम्ही क्रीम सांगितला होता. काय उतावळी जमात आहे, असं मी मनात म्हणायचो. मग मला मुलगी झाली.

साताऱ्याला, बायकोच्या माहेरी. सिस्टर हिरव्या कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आल्या आणि मी वाकून बघितलं तर चेहरा जांभळट, वर पांढरं लोण्यासारखं काहीतरी माखलेलं (पुट्टी! दुसरं काही डोक्यात येईना), कपाळावर खांद्यावर बारीक लव, आणि डोकं असं लांबुळकं की आमच्या घराण्यात हा आकार कुठून आला म्हणून मी सासऱ्यांकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते. पाच मिनिटात ती रडली आणि लालबुंद झाली, पण हातपाय निळेच. मी घाबरून सिस्टरना म्हणलं अहो बॉडी एक रंग नि हातपाय दुसरा, तर त्या म्हणाल्या पहिला एखादा दिवस असतं हो तसं, रक्त अजून टोकापर्यंत नीट फिरत नाही, ओठ नि जीभ गुलाबी आहे ना, मग झालं. ते पांढरं पुसायला आमच्या मावशी पदर घेऊन निघाल्याच होत्या, त्यांनाही थांबवलं. ते पोटातल्या पाण्यापासून कातडी सांभाळणारं असतं, राहू दे म्हणे, आणि आंघोळ उद्या.

या मावशी म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या बहीण, वडूजच्या. त्यांनी पहिल्या तासातच बाळाचा कान दुमडून वरची कड बघितली, मग नखाच्या मुळाशी बघितलं, आणि निकाल दिला. "आत्ता दिसतीय गुलाबी, पण निवळंल. कानाची कड खोटं बोलत न्हाई." लगेच माझ्या आईचा पॉइंट आला, की आमचा हा जन्मला तेव्हा नुसता लोण्याचा गोळा होता, नर्सबाई बघायला यायच्या. हे मी लहानपणापासून ऐकतोय. महाराष्ट्रातलं प्रत्येक पोर जन्मताना गोरंपान असतं, निदान त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे, मग मधे काय होतं कुणी सांगत नाही. सासूबाई हळूच म्हणाल्या गहूवर्णी होईल. आता गहूवर्णी हा लग्नाच्या जाहिरातीतला शब्द मला कधी कळलेला नाही, गहू म्हणजे कुठला, लोकवन की खपली? शेडकार्डावर असं मोघम लिहिलं तर गिऱ्हाईक डबा परत आणून देईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला पिवळी वाटली. सगळे म्हणाले खिडकीच्या पडद्याचा रंग पडलाय. पण पिवळ्यात मी फसत नाही, तो माझा धंदा आहे. डॉक्टरांनी नाकावर बोटाने हलकं दाबून सोडलं, खाली हळदीसारखा पिवळा उमटला. रक्त तपासलं, बिलिरुबिन 18.2. बाळाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं, जन्मल्यावर त्या जादा तांबड्या पेशी फुटतात, त्यातून हा पिवळा माल निघतो आणि इवलंसं लिव्हर तो उचलायला अजून शिकलेलं नसतं. बरं, म्हणून ती डोळ्यांवर पट्टी नि कमरेला डायपर एवढ्यावर निळ्या दिव्याखाली गेली, गॉगल लावून गोव्याच्या बीचवर पडल्यासारखी, आणि आम्ही दोन रात्री बाहेर बाकड्यावर.

त्या रात्री मोबाईलवर वाचत बसलो. हा उजेडाचा उपाय 1956 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड हॉस्पिटलात सापडला, तिथल्या वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या, तर एका बाळाचं अंग फिकं पडलेलं आणि जिथं चादरीचा कोपरा होता तिथं तेवढाच पिवळाधमक त्रिकोण. मी बाकड्यावर ताडकन उठून बसलो. उन्हात पिवळा उडतो! दक्षिणेकडच्या भिंतीला पिवळा मारू नका हे मी किती जणांना सांगितलंय. सकाळी डॉक्टरांना मोठ्या उत्साहाने म्हणलं मग गच्चीत नेऊ का, तर त्यांनी असं बघितलं की विषय संपला. एवढ्या आकड्याला ऊन पुरत नाही आणि उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, ते वेगळंच.

घरी आलो तर पाचव्या दिवशी कातडी सोलवटायला लागली, घोट्याजवळ तर अक्षरशः पापुद्रे. जुन्या भिंतीला ओल लागल्यावर निघतात तसे. अंगावर डासाने फोडल्यासारखे लाल ठिपके, सकाळी पोटावर, दुपारी पाठीवर. नाकावर पांढरे दाणे. थंडी वाजली की मांड्यांवर संगमरवरासारखी जाळी. आणि कमरेखाली मोठा निळाकाळा डाग, जो बघून मावशी कडाडल्या, "कुणी आपटलं पोरीला?" दवाखान्यात जाऊन भांडायची तयारी झालेली. डॉक्टर म्हणाले रंगाच्या पेशी कातडीत खोलवर राहिल्या की वरून निळं दिसतं, आपल्याकडे कितीतरी बाळांना असतो, काही वर्षांत जातो. ठिपके नि दाणेही आपोआप जातात, काही लावू नका.

"काही लावू नका" हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत चालत नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाई डाळीचं पीठ, साय नि हळद घेऊन हजर, वर कणकेचा गोळा फिरवून लव काढायची घाई. बायकोने गोळा हातातून काढून घेतला, लव आपोआप गळते म्हणाली, त्याची पोळी लाटली गेली. तोपर्यंत बायकोचं केशराचं दूध नऊ महिने पिऊन झालेलं होतं, साडेतीनशे रुपये ग्रॅमचं केशर, रंगाच्या धंद्यात एवढं महाग पिगमेंट मी बघितलेलं नाही आणि इतकं बिनकामाचंही नाही.

डॉक्टरांनीच एकदा निवांतपणे सांगितलं, की रंग बनवणाऱ्या पेशी सगळ्या माणसांत जवळपास सारख्याच असतात, कोण किती रंग तयार करतं एवढाच फरक, आणि ते काम जन्मानंतर महिनोन्‌महिने वाढत जातं. म्हणजे मशीन घरोघरी तेच, टिंटरचा डोस वेगळा. मला पटलं. पटूनही मी काय केलं, तर शनिवारी कराडहून येताना शेडकार्ड पिशवीत घालून आणलं आणि सगळे झोपल्यावर ट्यूबलाइटखाली पोरीच्या गालाजवळ एकेक पट्टी धरून बघितली. बायको जागी होती. "दोन हात होऊ द्या, वाळू द्या," एवढंच म्हणाली आणि कूस वळली.

बारशाला, पाचव्या महिन्याला, उष्टावणाला, दर वेळी निकाल बदलला. उजळली, निवळली, उन्हाने रापली, आत्यावर गेली, परत उजळली. मावशींचा फोन आला की पहिला प्रश्न रंगाचा, दुसरा दाताचा.

आता ती आठ महिन्यांची आहे, सरपटते, हाताला लागेल ते तोंडात. परवा ते शेडकार्ड तिला सापडलं. आम्ही पोचेपर्यंत ऑफव्हाइटचं अख्खं पान चघळून लगदा झालेला, आयव्हरी हनुवटीवर आणि क्रीम केसात. कार्ड दुकानात परत नेलंय, कुणी ते पान मागितलं की सांगतो, त्या शेड सध्या बंद आहेत.