नव्या राष्ट्रपतींचा आनंद: वापरासंबंधी सूचना

पुढच्या राष्ट्रपतींचा शपथविधी २५ जुलै २०२७ ला अपेक्षित आहे. १९७७ साली नीलम संजीव रेड्डींनी २५ जुलैला शपथ घेतली आणि त्यानंतर एकाही राष्ट्रपतींनी मुदत अर्धवट सोडली नाही, त्यामुळे दर पाच वर्षांनी तोच दिवस येतो. बेंजो, मांडव आणि पेढे पाच वर्षं आधी सांगून ठेवता येतील असा दुसरा राजकीय सोहळा देशात नाही. याचा फायदा घ्या.

आनंदाला निकालाच्या दिवशी सुरुवात करणं ही नवख्यांची चूक. खरा मुहूर्त उमेदवाराचं नाव जाहीर होतं त्या संध्याकाळचा. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांचं नाव २१ जूनला आलं, मतदान १८ जुलैला झालं आणि मतमोजणी २१ जुलैला. मधला महिना आकडेमोड करण्यात घालवायचा नसतो, कारण ती पक्षांनी आधीच केलेली असते. शेवटी ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७ असा निकाल लागला आणि तिसऱ्या फेरीतच निम्म्याचा टप्पा ओलांडला गेला. निकालाची वाट बघत बसलेल्यांचे पेढे शिळे झाले.

‘आम्ही निवडून दिलं’ असं म्हणताना मात्र थोडं जपून. या निवडणुकीत तुम्हाला मत नाही; मत खासदार आणि आमदारांना. तुमचा सहभाग लोकसंख्येपुरता, आणि तीही १९७१ च्या जनगणनेतली. त्या साली महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागा, पुन्हा हजाराने भागा, १७५ उरतात. एवढं मूल्य आपल्या एका आमदाराच्या मताला असतं. उत्तर प्रदेशात हाच आकडा २०८, सिक्कीममध्ये ७. म्हणजे तुमचा जन्म १९७१ नंतरचा असेल, तर या लोकशाहीच्या महाउत्सवात तुम्ही हिशोबातसुद्धा नाही. आई-वडील आहेत. जल्लोषात पुढे त्यांना उभं करा.

ज्यांना मत आहे त्यांची काळजी वेगळी. मतपत्रिका खासदारांची हिरवी, आमदारांची गुलाबी. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच लिहायचं. आवडत्या उमेदवारापुढे १ हा आकडा काढायचा, हवं तर पुढच्यापुढे २. ‘एक’ असं अक्षरी लिहिलं तर मत बाद. व्हिप नसतो, म्हणजे ज्याने त्याने आपल्या बुद्धीने लिहायचं असतं. २०१७ मध्ये २१ आणि २०२२ मध्ये १५ खासदारांची मतं बाद झाली. पक्षाचा उमेदवार सोडून ज्याच्या हाकेवर मत द्यायचं तो अंतरात्म्याचा आवाज १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरींच्या वेळी इतका मोठा झाला होता की दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. अलीकडे तो आवाज पेन धरतानाच थरथरतो, असं समजून आपण गप्प बसावं.

आता फ्लेक्स. दहा बाय वीसचा पुरतो. नव्या राष्ट्रपतींचा फोटो वर कोपऱ्यात, नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्याचा मधोमध, खाली शुभेच्छुकांच्या दोन ओळी. महापालिकेची परवानगी आणि महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ या दोन्ही गोष्टी फ्लेक्सच्या मागच्या बाजूला राहतात, त्यामुळे दिसत नाहीत. राष्ट्रपती आदिवासी असतील तर किनारीला वारली चित्रं टाका. मुर्मू संथाळ, ओडिशातल्या मयूरभंजच्या; वारली पालघर-डहाणूकडचे; दोघांत हजारभर मैलांचं अंतर आहे. पण छापखान्याच्या संगणकात ‘आदिवासी’ नावाचं एकच फोल्डर असतं. मिरवणुकीला जव्हारहून तारपावाले बोलवा. त्यांचं जाण्यायेण्याचं भाडं ठरवताना मात्र अस्मिता आड येऊ देऊ नका. तिथे घासाघीसच करायची.

अस्मितेचा वापर कसा करावा हे शिवसेनेकडून शिकण्यासारखं आहे. २००७ मध्ये भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीत (रालोआ) असूनही तिने रालोआचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावतांना सोडून मराठी म्हणून प्रतिभा पाटलांना मतं दिली. २०१२ मध्ये रालोआतच असून प्रणब मुखर्जींना. २०२२ मध्ये पक्ष फुटून दोन तुकडे झाले, महिना उलटला नव्हता, तरी दोन्ही तुकड्यांनी मुर्मूंनाच पाठिंबा दिला. महाराष्ट्रात त्या जुलैत दोघांचं एकमत झालेली ही जवळजवळ एकमेव गोष्ट. प्रतिभाताईंच्या वेळी अमरावतीत गुलाल उधळला गेला तेव्हा विदर्भातले सहा जिल्हे, अमरावती धरून, शेतकरी आत्महत्यांवर उपाय म्हणून आदल्या वर्षी जाहीर झालेल्या ३,७५० कोटींच्या पंतप्रधान पॅकेजची वाट बघत होते. गुलाल वेळेवर पोचला.

इथे एक सावधगिरी सांगणं भाग आहे, कारण अनेकांचा आनंद याच टप्प्यावर बिघडतो. गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, पाटबंधारे व ऊर्जा खात्यातली कनिष्ठ सहायक, शाळेतली शिक्षिका, नगरसेविका, आमदार, राज्यपाल, आणि मग सेंट्रल हॉलमध्ये उभी राहून ‘जोहार’ म्हणणारी राष्ट्रपती. आश्रमशाळेतली एखादी मुलगी हे टीव्हीवर बघते तेव्हा तिला जे वाटतं ते खोटं नसतं, आणि त्याची टिंगल करणाऱ्याने आपला चष्मा पुसून घ्यावा. बिघाड होतो तो यानंतर. हीच मुलगी विचारते, ‘मग आता आमच्या जमिनीचं काय?’ या प्रश्नापर्यंत आनंद जाऊ देऊ नका.

तो जाऊ नये म्हणून घटना थोडी वाचलेली बरी. अनुच्छेद ७४: राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला की मानावाच लागतो. अनुच्छेद १११: विधेयकाचंही तसंच. ‘जनतेचे राष्ट्रपती’ म्हणून आपण ज्यांना डोक्यावर घेतलं त्या कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांवरच्या खासदारांची खासदारकी वाचवणारं विधेयक परत केलं, ते जसंच्या तसं आलं, त्यांनी सही केली. त्याआधी २००५ मध्ये मॉस्कोत असताना रात्री बिहार विधानसभा बरखास्तीवर सही झाली होती, जी सर्वोच्च न्यायालयाने पुढे घटनाबाह्य ठरवली. तेव्हा पेन चांगल्या हातात आहे का, हे बघून नाचू नका. नाचायचं तर कागद कोण पुढे सरकवतंय तिकडे पाठ करून नाचा.

मुर्मूंचंच उदाहरण घ्या. झारखंडच्या राज्यपाल असताना छोटानागपूर कुळकायद्यातल्या दुरुस्त्या विधानसभेने मंजूर केल्या. आदिवासींची जमीन जाईल म्हणून रान पेटलं, आणि २०१७ मध्ये त्यांनी ते विधेयक सरकारकडे परत पाठवलं. हे फ्लेक्सवर छापण्यासारखं होतं. कुणी छापलं नाही. उलट, त्यांच्या उमेदवारीनंतर आठवड्याभरात, २८ जून २०२२ ला, नवे वनसंवर्धन नियम आले, ज्यांत केंद्राने वनजमीन वळवण्याला मंजुरी देण्याआधी ग्रामसभेच्या संमतीची खात्री करून घेण्याची अट उरली नाही. पुढच्या वर्षी वनसंवर्धन दुरुस्ती विधेयक २ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झालं आणि ४ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. दोन दिवस. त्याच वर्षी २८ मे रोजी नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं तेव्हा राष्ट्रपतींचा संदेश वाचून दाखवला गेला. राष्ट्रपतींना बोलावलं नव्हतं. फ्लेक्सवरच्या त्या कोपऱ्याची सवय आपण सगळ्यांनीच करून घेतली आहे म्हणा.

तरीही एखाद्याला प्रत्यक्ष फायदा हवाच असेल, तर एक खात्रीचा मार्ग आहे. मुर्मूंची उमेदवारी जाहीर झाली तेव्हा त्यांच्या उपरबेडा गावातल्या डुंगुरशाही पाड्यावर वीज नव्हती. मग खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन माणसं धावली. म्हणजे पाड्यावर वीज हवी असेल, तर तिथे जन्मलेली व्यक्ती राष्ट्रपती व्हायला हवी, एवढंच. महाराष्ट्रात सुमारे ४० हजार गावं. एका गावाला पाच वर्षं. सगळे राष्ट्रपती आपल्याच राज्यातून घेतले तर दोन लाख वर्षांत काम पूर्ण होईल. राजेंद्रप्रसादांसारखं कुणी दुसऱ्यांदा निवडून आलं तर एक गाव मागे पडेल, म्हणून फेरनिवडीला विरोध करा.

इतका धीर नसेल तर थेट राष्ट्रपतींना अर्ज करा. वनहक्काचा दावा अडकला आहे, असं समजू. २००६ च्या कायद्याप्रमाणे तो वनहक्क समितीकडे दिलात, ग्रामसभेचा ठराव झाला, उपविभागीय समितीने ‘पुरावा अपुरा’ म्हणून ठेवून घेतला. आता सगळी कागदपत्रं जोडून राष्ट्रपती सचिवालयाकडे पाठवा, ऑनलाइनही जातो. अर्जाला क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. सचिवालय तो संबंधित मंत्रालयाकडे पाठवेल, मंत्रालय राज्य शासनाकडे, शासन जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हाधिकारी उपविभागीय कार्यालयाकडे ‘उचित कार्यवाहीस्तव’. तिथे तो ज्या बाबूंनी पहिला दावा ठेवून घेतला होता त्यांच्याच टेबलावर येईल. ते तुम्हाला फोन करून बोलावतील, खुर्ची देतील, ‘थेट दिल्लीला कळवलंत की, भाऊ’ म्हणतील, आणि एका कागदावर सही मागतील. कागदावर छापलेलं असेल: अर्जदाराचे समाधान झाले असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.