‘पासवर्ड मॅनेजर म्हणजे चोराला आयतं घबाड’ : त्या मेसेजचा प्रतिवाद

पासवर्ड मॅनेजर म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत ठेवणारं अ‍ॅप; ती तिजोरी उघडणारा एकच पासवर्ड म्हणजे मास्टर पासवर्ड. त्याच्याविरुद्धचा एक मेसेज काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : “पासवर्ड मॅनेजर वापरू नका. सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात ठेवल्या की जुडगा गेला म्हणजे घर गेलं. लास्टपाससारखी मोठी कंपनीसुद्धा फुटली. कंपनीचे लोक तुमचे पासवर्ड वाचतात. मास्टर पासवर्ड विसरलात तर सगळंच बुडालं. त्यापेक्षा एकच कठीण पासवर्ड पाठ करा, शेवटी साइटचं नाव जोडा आणि दर महिन्याला बदला. तेही जमत नसेल तर वहीत लिहा.”

मेसेज लिहिणारा अगदीच अडाणी नाही. लास्टपासचं खरं आहे, मास्टर पासवर्ड विसरण्याची भीतीही खरी आहे. त्यावरून काढलेला सल्ला मात्र बहुतेक सगळा उलटा आहे. एकेक मुद्दा घेऊ.

“लास्टपास फुटली, म्हणजे सगळेच फुटणार”

आधी काय झालं ते नीट पाहू. ऑगस्ट २०२२ मध्ये चोर लास्टपासच्या डेव्हलपरांच्या यंत्रणेत शिरले. तिथे मिळालेल्या माहितीच्या जोरावर त्यांनी एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर कीलॉगर, म्हणजे टाइप केलेलं सगळं टिपणारं सॉफ्टवेअर, बसवलं, त्याचा मास्टर पासवर्ड टिपला आणि क्लाउडवरच्या बॅकअपपर्यंत मजल मारली. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्याचं कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये कबूल केलं.

त्या प्रतींमध्ये यूजरनेम, पासवर्ड आणि नोट्स कुलूपबंद होत्या. साइटचे पत्ते मात्र उघडे होते. म्हणजे कोणाची तिजोरी फोडायला आधी घ्यावी हे चोराला आयतंच कळलं.

आता कुलूप. मास्टर पासवर्डपासून किल्ली तयार करताना मॅनेजर तोच हिशेब हजारो वेळा फिरवतो, म्हणजे चोराला प्रत्येक अंदाजासाठी तेवढीच मेहनत पडते. या फेऱ्यांना इटरेशन म्हणतात. लास्टपासने २०१८ पासून १,००,१०० फेऱ्या ठरवल्या होत्या, पण जुनी खाती ५,००० वर, काही तर चक्क १ वर राहून गेली होती. अशी किल्ली तयार करण्याच्या पीबीकेडीएफ२ या पद्धतीसाठी ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची आजची शिफारस ६,००,००० फेऱ्यांची आहे.

याने किती फरक पडतो? समजा ६,००,००० फेऱ्या असताना एक ग्राफिक कार्ड सेकंदाला १०,००० अंदाज करतं आणि चोराकडे अशी १,००० कार्डं आहेत. मास्टर पासवर्ड ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून काढलेले चार शब्द असेल, तर तो सापडायला सरासरी पावणेसहा वर्षं लागतील. पाच शब्द असतील तर सुमारे ४५,००० वर्षं. आणि तेच चार शब्द एका फेरीच्या खात्यात असतील तर जेमतेम पाच मिनिटं! शब्द तेच आणि चोरही तोच, फक्त सेटिंगमधला एक आकडा वेगळा.

तेव्हा ‘कंपनी फुटू शकते का?’ या प्रश्नात दम नाही; कुठलीही फुटू शकते. फुटल्यावर चोराच्या हाती काय लागेल, हे विचारायचं. मॅनेजर निवडताना सगळं इथूनच सुरू होतं.

त्या वेळी अनेकांनी घाईघाईने मास्टर पासवर्ड बदलला आणि सुटकेचा श्वास सोडला. त्याचा उपयोग नव्हता. चोराकडे गेलेली प्रत जुन्याच किल्लीने उघडते. अशा वेळी तिजोरीच्या आतले पासवर्ड बदलावे लागतात : आधी ईमेल, मग पैशांची खाती, मग बाकीची.

“कंपनीचे लोक पासवर्ड वाचतात”

चांगल्या मॅनेजरमध्ये तिजोरीला कुलूप तुमच्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर लागतं आणि सर्व्हरवर फक्त बंद पेटी जाते. हे खरं आहे का, ते पाहायची घरगुती कसोटी आहे. नवीन खातं उघडा, दोन खोटे पासवर्ड आत टाका आणि ‘पासवर्ड विसरलो’वर क्लिक करा. ईमेलवर लिंक आली, नवीन पासवर्ड लावला आणि जुनं सगळं जसंच्या तसं दिसलं, तर किल्ली कंपनीकडेही आहे. तो मॅनेजर नको. “आता खातं पुसून नव्याने सुरुवात करावी लागेल” असा रुक्ष निरोप आला तर खूश व्हा. ही कसोटी तुम्ही कधीच लॉग इन न केलेल्या उपकरणावर करा, कारण काही मॅनेजर ओळखीच्या उपकरणात ठेवलेल्या किल्लीवरून खातं परत मिळवून देतात, आणि त्यात गैर काही नाही.

वनपासवर्ड हा मॅनेजर याच्याही एक पाऊल पुढे जातो. मास्टर पासवर्डच्या जोडीला तुमच्या उपकरणावर ३४ अक्षरांची एक गुप्त किल्ली तयार होते आणि तिजोरी उघडायला दोन्ही लागतात. सर्व्हरवरून पेटी चोरीला गेली तरी नुसत्या मास्टर पासवर्डचे अंदाज करून ती उघडत नाही. मात्र त्या किल्लीचा छापील कागद जपून ठेवायची जबाबदारी तुमची.

“सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात”

यात तथ्य आहे, पण जुडगा आजही एकच आहे. त्याचं नाव ईमेल. ज्याच्या हाती तुमचं ईमेल, तो बाकीच्या बहुतेक साइटवर ‘पासवर्ड विसरलो’ म्हणत आरामात फिरू शकतो. आणि एकच पासवर्ड दहा ठिकाणी असेल, तर त्यांतली सगळ्यात ढिसाळ साइट तुमची सुरक्षा ठरवते. फाइल साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीचं २०१२ मध्ये हेच झालं. दुसरीकडून चोरलेल्या पासवर्डने चोर एका कर्मचाऱ्याच्या खात्यात शिरले. त्याच वर्षी गेलेली सुमारे ६.८ कोटी खात्यांची माहिती २०१६ मध्ये उजेडात आली.

मॅनेजरचा एक गुण मेसेजवाल्याच्या ध्यानातच आलेला नाही : तो पत्ता वाचतो. साइटच्या नावात एल या अक्षराच्या जागी एकचा आकडा घातला तर माणसाची नजर फसते. मॅनेजर मात्र तिथे पासवर्ड भरत नाही. इथेच बरेच जण घोटाळा करतात. ‘आज हे भरत का नाही?’ म्हणून वैतागतात, तिजोरीतून पासवर्ड कॉपी करतात आणि हाताने चिकटवतात. मॅनेजरने नकार दिला की हात थांबवा आणि पत्ता अक्षर-अक्षर वाचा.

आपोआप भरण्यालाही धोका नाही असं नव्हे. पान उघडताक्षणी भरण्याची सोय बंद ठेवा. बटण दाबल्यावरच भरू दे. ऑगस्ट २०२५ मध्ये डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत एका संशोधकाने दाखवून दिलं, की पानावर अदृश्य थर ठेवून माणसाला भलत्याच जागी क्लिक करायला लावलं तर अनेक मॅनेजरांची एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, माहिती ओकतात. कार्डाचा तपशील तर चोराच्या कुठल्याही पानावर निघू शकत होता. म्हणून एक्स्टेन्शन अद्ययावत ठेवायचं आणि ब्राउझरमध्ये त्याची परवानगी ‘क्लिक केल्यावरच’ अशी करायची.

कॉम्प्युटरमध्येच चोर सॉफ्टवेअर बसलेलं असेल, तर उघडलेली तिजोरी कोणीच वाचवू शकत नाही. पण तिथे पाठ केलेला पासवर्डही टाइप करताच जातो.

“एकच पासवर्ड, शेवटी साइटचं नाव”

‘गुलमोहर#२७फेबु’ (‘फेबु’ म्हणजे फेसबुक) हा एक पासवर्ड कुठून तरी फुटला. आता ‘गुलमोहर#२७’च्या पुढे ईमेलसाठी काय असेल, हे ओळखायला हॅकर लागत नाही. फुटलेल्या याद्यांवर असे बदल करून पाहणारी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं वापरात आहेत. युक्ती तुम्हाला सुचली म्हणजे ती त्यांच्या नियमावलीत आहेच.

“दर महिन्याला बदला”

अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. बदलायचा तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा ७ काढून ८ करतो. पासवर्ड फुटलेल्या यादीत आहे का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर तपासता येतं. तपासताना पूर्ण पासवर्ड पाठवला जात नाही, त्याच्या हॅशची (पासवर्डवरून हिशेबाने काढलेल्या, उलट फिरवता न येणाऱ्या खुणेची) पहिली ५ अक्षरं तेवढी जातात आणि पुढची जुळवाजुळव तुमच्याच बाजूला होते. बहुतेक मॅनेजरांत ही किंवा अशीच तपासणी असते.

“वहीत लिहा”

वहीला हसू नये. दूरदेशी बसलेल्या चोराला वही उघडता येत नाही, आणि प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड लिहिणारा माणूस एकच पासवर्ड वापरणाऱ्यापेक्षा शंभर पटीने बरा. पण वही खोटा पत्ता ओळखत नाही आणि प्रवासात जवळ नसते. तिची दुसरी प्रतही नसते. शिवाय वीस अक्षरांचा वेडावाकडा पासवर्ड वहीत बघून फोनवर चार वेळा टाइप केला की पाचव्या वेळी माणूस छोटा पासवर्ड ठेवतो.

ब्राउझरमधला मॅनेजरही असाच अधलामधला. पासवर्ड वेगवेगळे राहतात, खोटा पत्ताही तो ओळखतो. मात्र विंडोजवर तुमच्याच लॉगिनखाली चालणारं कुठलंही सॉफ्टवेअर ब्राउझरचे साठवलेले पासवर्ड उलगडू शकेल अशी स्थिती अनेक वर्षं होती, त्यामुळे माहिती चोरणारी सॉफ्टवेअर पहिला हात तिथेच घालतात. ब्राउझरला वेगळा मास्टर पासवर्ड लावता येत असेल तर तो लावाच.

“मास्टर पासवर्ड विसरलात तर सगळं बुडालं”

हा मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि उपाय कागदाचाच आहे.

मास्टर पासवर्ड स्वतः ‘सुचवू’ नका. आवडत्या गाण्याची ओळ, म्हण, मुलांची नावं हे सगळं चोरांच्या याद्यांत असतं. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१६ मध्ये ७,७७६ इंग्रजी शब्दांची यादी काढली आहे. फासा पाच वेळा टाकायचा, येणाऱ्या पाच आकड्यांसमोरचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द काढा. शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा फासा टाकू नका. निवड आली की बळ कमी झालं.

मराठी शब्द वापरायचे असतील तर ते रोमन लिपीत टाइप करा, आणि पाऊस, पाउस, पौस यांतलं स्पेलिंग एकदाच ठरवून टाका. देवनागरीत मास्टर पासवर्ड ठेवण्याचा मोह टाळा. ‘तऱ्हा’मधला ऱ एखादा कीबोर्ड एकच अक्षर म्हणून साठवतो, दुसरा र आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगळे वाटू शकतात, आणि तुम्ही बरोबर पासवर्ड टाकत असताना तिजोरी ‘चूक’ म्हणत राहते.

पासवर्ड ठरला की कागदावर लिहा. मॅनेजरला दुहेरी तपासणी (पासवर्डनंतर फोनवरचे सहा आकडे मागणारी) लावली असेल तर सोबत तिचा रिकव्हरी कोड, म्हणजे फोन नसताना आत जायचा कोड, लिहा. तो कोड तिजोरीच्या आत ठेवणं ही नेहमीची चूक : फोन हरवतो, तपासणीचे सहा आकडे फोनमध्येच, आणि त्यावरचा उतारा बंद पेटीत. कागद पाकिटात घालून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. काही मॅनेजरांत विश्वासू माणसाला आणीबाणीत प्रवेश देण्याची सोय असते. त्याने विनंती केल्यावर तुम्ही ठरलेल्या दिवसांत नकार दिला नाही, तर तिजोरी त्याला उघडते.

बोटाचा ठसा लावल्यावर लोक मास्टर पासवर्ड महिनोन्‌महिने टाइपच करत नाहीत, आणि विसरतात ते त्यामुळे. पहिल्या आठवड्यात रोज दोनदा लॉग आउट होऊन हाताने टाइप करा.

मग घ्यायचा कोणता?

फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही वापरत असाल आणि फार खटाटोप नको असेल, तर बिटवॉर्डन. त्याचा प्रोग्रॅम कोणालाही तपासायला खुला आहे, आणि मोफत खात्यातही उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही. खातं जुनं असेल तर सेटिंग्ज, सिक्युरिटी, कीज इथे जाऊन फेऱ्या ६,००,००० आहेत का ते बघा. बदलण्याआधी तिजोरीचा बॅकअप घ्या; बदलल्यावर सगळीकडे पुन्हा लॉग इन करावं लागतं. आकडा वाट्टेल तेवढा वाढवू नका, जुना फोन तिजोरी उघडताना धापा टाकतो.

कंपनीचा सर्व्हरच नको असेल तर कीपासएक्ससी. एक कुलूपबंद फाइल, ती तुमच्याच ताब्यात. फोनसाठी त्याचं स्वतःचं अ‍ॅप नाही. अँड्रॉइडवर कीपासडीएक्स, आयफोनवर कीपासियम किंवा स्ट्राँगबॉक्स तीच फाइल उघडतात. फाइलची दुसरी प्रत ठेवणं आणि दोन उपकरणांवरचे बदल एकमेकांवर न चढवणं हे काम मात्र तुम्हाला करावं लागेल. ते जमणार नसेल तर ही निवड सुरक्षित राहत नाही.

सोपेपणा जाहिरातीवरून ठरवू नका. तीन कामं करून पहा : फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये लॉग इन, कॉम्प्युटरवर नवीन खातं उघडून पासवर्ड जतन, आणि जुना पासवर्ड बदलणं. तिसऱ्यात नवीन पासवर्ड आपणहून नोंदवला गेला नाही तर पुढे रोज रडगाणं.

सगळी खाती एका दिवसात हलवू नका. पहिल्या दिवशी ईमेल, मग पैशांची खाती, बाकीची जेव्हा उघडाल तेव्हा. जुन्या ठिकाणाहून पासवर्ड एकदम काढताना सीएसव्ही फाइल तयार होते. तिच्यात सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत उघडे असतात. ती क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये उतरवू नका, ईमेलने स्वतःला पाठवू नका. नव्या मॅनेजरमध्ये पाच-सहा नोंदी उघडून ताडून पाहा, लगेच फाइल पुसा, आणि रिसायकल बिनही रिकामं करा.