जाम झालेली सायकल आणि ‘रामबाण’ मिश्रण: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही महिने सोलापुरातल्या सायकलवाल्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: सायकलचा गंजून जाम झालेला कोणताही भाग सोडवायचा असेल, तर ॲसिटोन आणि मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे मिसळून ओतावे, पाच मिनिटांत तो सुटतो, २००७ साली एका अमेरिकी मासिकाच्या चाचणीत हेच मिश्रण अव्वल ठरले, बाजारातले फवारे म्हणजे पैशांची नासाडी, मिश्रण नसेल तर घरातले कोणतेही खाद्यतेल किंवा कोला चालतो, सायकल दुपारभर उन्हात ठेवावी, आणि तरीही भाग सुटला नाही तर पान्याला पाइप लावून जोर करावा. यातली काही विधाने अर्धवट खरी आहेत, म्हणूनच संदेश पटतो. पण तेल कोणते घ्यावे हे सांगण्याच्या घाईत, कोणता धातू कोणत्या धातूत आणि कशामुळे अडकला आहे, हा पहिला प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

आधी आकड्यांचे पाहू. कोरडा बोल्ट सोडवायला ५१६ पौंड, डब्ल्यूडी-४० हा बाजारातला फवारा लावल्यावर २३८ आणि या मिश्रणाने अवघे ५३ पौंड लागले, असे संदेश सांगतो. प्रत्येक द्रवासाठी किती बोल्ट घेतले, ते सारखेच गंजले होते हे कशावरून ठरवले, पौंड मोजले ते किती लांबीच्या दांड्यावर, यातले काहीही त्यात नाही. एकाच डब्यातले, एकाच पावसात भिजलेले दोन बोल्टसुद्धा सारखे गंजत नाहीत, हे ज्याने हातात पाना धरला आहे त्याला ठाऊक असते. शिवाय गंजलेल्या लोखंडी आट्यांवरचा (म्हणजे नट-बोल्टच्या पिळांवरचा) निष्कर्ष सायकलच्या ‘कोणत्याही भागाला’ लावता येत नाही, कारण आजच्या सायकलीत बरेच सांधे लोखंड आणि ॲल्युमिनियम यांचे असतात.

मिश्रणाची तर मी स्वतः काचेच्या बाटलीत परीक्षा केली. खनिज तेलापासून बनलेले गिअरचे लाल तेल आणि ॲसिटोन जोरात हलवले की क्षणभर एकजीव झाल्यासारखे दिसतात. बाटली टेबलावर ठेवली की थोड्याच वेळात तेल तळाशी बसते आणि फिकट गुलाबी ॲसिटोन वर तरंगते. म्हणजे पिचकारीतून पहिल्यांदा जे बाहेर येते ते एकतर नुसते ॲसिटोन असते, नाहीतर नुसते तेल. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते आणि त्याची वाफ कडाक्याच्या थंडीतही ठिणगीने पेटते. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, पत्र्याच्या शेडमध्ये ते उघडे ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याने आपल्या गावचा उन्हाळा पाहिलेला नसावा. फ्रेमचा रंग, स्टिकर आणि दिव्याची प्लॅस्टिकची काच यांवर ते सांडले तर काय होते, हे सांगायला नकोच.

फवारे ही पैशांची नासाडी, या विधानात थोडे तथ्य आहे, पण चुकीच्या कारणाने. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथे तयार झाले ते पाणी हटवण्यासाठी. नावातली ‘डब्ल्यूडी’ (वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणे) ही अक्षरे तेच सांगतात आणि ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते आधी वापरले गेले. वरवरच्या गंजाला ते पुरते. वर्षानुवर्षे जाम झालेल्या सांध्यासाठी मात्र खास झिरपणारे तेल वेगळे मिळते आणि तीच कंपनी तेही विकते. असे तेल निवडताना दोन गोष्टी बघाव्यात: ते पाण्यासारखे पातळ असावे आणि मागे थोडा वंगणाचा थर ठेवणारे असावे. आट्यांमधली फट केसाहूनही बारीक असते. तिच्यात तेल ओतले जात नाही, ते आपण होऊन ओढले जाते, आणि ही ओढ द्रवाचा दाटपणा जितका कमी तितकी लवकर काम करते. घट्ट ग्रीस किंवा इंजिन ऑइल म्हणूनच इथे निरुपयोगी ठरते. जमल्यास थेंब-थेंब सोडणारी बाटली घ्यावी. फवाऱ्यातले निम्मे तेल जमिनीवर जाते आणि उरलेले रिमवर किंवा डिस्कवर उडून ब्रेक निकामी करते.

‘पाच मिनिटांत’ हा शब्दप्रयोग मला सगळ्यात घातक वाटतो. वडिलांच्या २२ इंची काळ्या सायकलीची कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, मधल्या आसावर पक्का धरणारी पाचर) बरीच वर्षे हललेली नव्हती. यंत्रमागावर वापरतात तसल्या पातळ तेलात थोडे रॉकेल घालून मी संध्याकाळी दोन थेंब सोडले, हातोडीच्या दांड्याने क्रँकवर हलक्या टिचक्या मारल्या, सकाळी पुन्हा दोन थेंब आणि पुन्हा टिचक्या. तिसऱ्या दिवशी पिनेच्या कडेभोवती तपकिरी ओलसर कडे उमटलेले दिसले. तेल आरपार गेल्याची तीच खूण. मग नट पिनेच्या टोकाशी येईल इतकाच सैल ठेवून, क्रँकखाली लोखंडी पाइपचा उभा तुकडा टेकवून एकच नेमका घाव घातला आणि पिन सरकली. पहिल्या संध्याकाळी तोच घाव घातला असता, तर पिनेचे टोक वाकून ती ड्रिलने काढावी लागली असती. रॉकेल एकटे वापरले तर ते झिरपते चांगले, पण उडून गेल्यावर मागे वंगण राहत नाही. आणि रॉकेल असो वा दुसरे कुठले पातळ तेल, जवळपास विडी-स्टोव्ह नको.

खाद्यतेलाबाबत सोलापूरकरांनी तरी फसू नये. आपल्या रब्बीच्या करडईचे तेल हवेत हळूहळू सुकून चिकट पापुद्रा धरते. याच गुणामुळे ते रंग आणि वार्निशमध्ये वापरता येते. सूर्यफुलाचे तेलही कमी-अधिक त्याच वळणाचे. आट्यांत असले तेल सोडणे म्हणजे जाम झालेल्या नटाला वरून डिंक लावणे. कोल्यात फॉस्फोरिक आम्ल असते आणि ते पृष्ठभागावरचा गंज थोडाफार खाते, एवढे खरे. पण मुळात पाणीच असलेल्या द्रवाला तेलकट, गंजक्या फटीत शिरणे जड जाते आणि मागे राहते ती साखर व मुंग्या.

आता उन्हाचा मुद्दा. नव्या सायकलींत सीटचा दांडा बहुतेकदा ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम पुष्कळदा लोखंडाची असते. घाम आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुण्यामुळे या दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम झिजून पांढरी पूड तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि दांडा दहा-बारा सेंटिमीटर लांबीभर आवळून धरते. सायकल तापली की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. २७ मिलिमीटर जाडीचा दांडा ४० अंशांनी तापला, तर तो फ्रेमच्या भोकापेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने अधिक फुगतो, म्हणजे आधीच आवळलेला सांधा आणखी आवळतो. इथे हवा तो थंडावा. सीट काढून दांड्याच्या पोकळीत बर्फाचा चुरा भरावा आणि मग दांडा पिळून पाहावा. तेलही वरून न सोडता, तळाचा बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकच्या आसाचा सांधा) उघडून, सायकल उलटी धरून आतून सोडावे आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये लोखंडी पायडल अडकले असेल, तर हिशेब नेमका उलटा होतो. तिथे कढत पाण्याचे फडके क्रँकवर गुंडाळल्याने भोक रुंदावते. जुन्या काळ्या सायकलीत दोन्ही भाग लोखंडी असल्यामुळे उन्हाने ना फायदा ना तोटा.

राहता राहिला पाइप लावून जोर करण्याचा सल्ला. तो ज्याला द्यायचा त्याला आधी दिशा सांगायला हवी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सोडवण्यासाठी पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो, आणि नेहमीच्या बी.बी. कपांपैकी चेनच्या बाजूचा कपही असाच उलटा असतो. अशोक चौकाजवळ राहणारे एक शेजारी हा संदेश वाचून आपल्या मुलाच्या गिअरवाल्या सायकलीचे डावे पायडल दोन दिवस मिश्रणात भिजवत होते आणि पाइप लावून, सगळा जोर एकवटून, रोज आणखी घट्ट करत होते. उलट फिरवल्यावर ते पहिल्याच झटक्यात सुटले. मात्र क्रँकचे ॲल्युमिनियमचे आटे तोवर उपसून आले होते आणि तो क्रँक बदलावा लागला.