मजूर व्यस्त नव्हते, सर

गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्या डब्यावर एक उत्तरपत्रिका येऊन आदळली. अगदी डब्यावरच. भेंडीचं तेल तिला लागलं, तो डाग अजून आहे. गणिताचे सर म्हणाले, "बाई, हे तुमचं खातं. वाचा आणि हसा."

आठवीची घटक चाचणी. प्रश्न असा: 10 मजूर एक भिंत 6 दिवसांत बांधतात, तर 15 मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील? हे समचलन की व्यस्त चलन, ते सकारण लिहा. पोराने लिहिलं होतं: "समचलन. कारण मजूर व्यस्त नव्हते. व्यस्त असते तर कामावर आलेच नसते." खाली लाल शाईत तीनपैकी भोपळा.

स्टाफरूम हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. सर म्हणाले, "आठवीत येऊन साधं मराठी कळत नाही, यांना गणित काय डोंबल शिकवायचं?" आणि त्याच दुपारी शाळेच्या ग्रुपवर सूचना पडली. सर्व विषयांतून विद्यार्थ्यांची शब्दसंपत्ती वाढवावी, प्रत्येक वर्गात शब्दभिंत तयार करावी, फोटो पाच वाजेपर्यंत टाकावेत. समन्वयक, मराठी विषयशिक्षिका. म्हणजे अस्मादिक.

गिरणगावातल्या अनुदानित शाळेत 22 वर्षं काढल्यावर माणसाकडे दुसरं काही नसलं तरी अनुभव असतो. तो तुमच्यापुढे ठेवते. आपापल्या शाळेत बिनधास्त वापरा.

पहिली गोष्ट, आरोपी ठरवून टाका. मूल विज्ञानात नापास झालं तर मूल ढ. त्याला धडा येत होता, प्रश्नच कळला नाही असं निघालं, तर मराठीच्या बाई ढ. मधे तिसरं कुणी येता कामा नये. इंग्लंडात 1975 साली ॲलन बुलक यांच्या समितीने सांगून ठेवलंय की भाषा ही एकट्या भाषाशिक्षकाची जबाबदारी नव्हे, प्रत्येक माध्यमिक शाळेने सगळ्या विषयांसाठी मिळून भाषेचं धोरण ठरवावं. पण ते पडले साहेब लोक. त्यांना वेळ असतो. आपल्याला पोर्शन पुरा करायचा असतो.

आता शब्दभिंत. हिच्यासाठी वर्गातली सर्वात सुंदर अक्षराची मुलगी दोन तास बाहेर काढा. तिचा बुडालेला तास गणिताचा असेल तर उत्तम, म्हणजे पुढच्या चाचणीत तिचीही शब्दसंपत्ती तपासता येईल. चार्टपेपर पिवळा घ्या, फोटोत उठून दिसतो. तो पंख्याच्या बटणांच्या वर लावा, जिथून तो शेवटच्या बाकावरच काय, पहिल्या बाकावरूनही वाचता येणार नाही. जुलैत भिंतीला ओल आली की त्याची टोकं आपोआप सुटतात, त्याची काळजी नको, फोटो जूनमध्येच गेलेला असतो. फोटोत फळ्यावरची तारीख दिसली पाहिजे आणि दोन मुलं बोट दाखवत उभी पाहिजेत. शब्द कोणते लिहिले हे आजवर कुणीही विचारलेलं नाही. आमच्या आठवी 'ब'च्या भिंतीवर गेली चार वर्षं 'किंकर्तव्यमूढ' हा शब्द आहे. त्याखाली बसणारी मुलं दरवर्षी बदलतात, अवस्था तीच.

शब्दकोश कपाटात ठेवा, कपाट कुलपात, किल्ली रजेवर.

ग्रंथालयाचा तास गणिताला द्या. पीटीचा आधीच दिलेला आहे.

टाचणवहीत 'नवीन शब्द' असा रकाना असतो, तो गेल्या वर्षीच्या वहीवरून भरा. शेरा 'पाहिले' असाच येतो.

यानंतरचा उपाय महत्त्वाचा: छोटे शब्द कधीही शिकवू नका. मोठे शिकवा. 'अपवर्तन' शिकवा, 'उदासिनीकरण' शिकवा, व्याख्या तीनदा लिहून घ्या. ते शब्द पुस्तकात ठळक छापलेले असतात, गाईडमध्ये चौकटीत असतात, पोरं ते घोकून येतात. पण 'अनुक्रमे' हा शब्द कुणी शिकवायचा? तो गणिताचा नाही, विज्ञानाचा नाही, आणि माझ्या कुमारभारतीच्या धड्याखालच्या शब्दार्थांतही नाही. मागच्या वर्षी दहावीतल्या एका मुलीने भूमितीचा पेपर झाल्यावर मला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, "बाई, त्रिकोणाच्या कोनांची मापं अनुक्रमे 50, 60 आणि 70 अंश म्हणजे, तो अनुक्रमे कोणता कोन?" तिला वाटलं होतं, तेही एक नाव आहे. तिला त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 येते हे पाठ होतं, प्रमेय पाठ होतं, सिद्धता पाठ होती. अडली कुठे, तर पाच अक्षरांच्या... चारच अक्षरं आहेत हो, मोजली मी. चार अक्षरांच्या शब्दाशी.

अमेरिकेत इझाबेल बेक नावाच्या बाईंनी शब्दांचे तीन थर सांगितले. एक थर रोजच्या बोलण्यातला, तो मूल घरून घेऊन येतं. एक थर त्या त्या विषयाचा, तो विषयशिक्षक शिकवतो. आणि मधला थर दोघांच्या मधे लोंबकळणारा, जो सगळ्या विषयांच्या पुस्तकांत असतो आणि म्हणून कुणाच्याच वाट्याला येत नाही. गृहीत धरा. परिणामी. तुलनेने. किमान. यांपैकी. अन्यथा. सापेक्ष. सकारण. प्रश्नपत्रिका काढून बघा, पेपर या शब्दांवर चालतो. 'टीप लिहा' म्हटलं की आमचा एक विद्यार्थी नेमाने दोन ओळी लिहायचा. विचारलं तर म्हणाला, टिप म्हणजे थोडंसंच द्यायचं असतं ना? त्याचा मोठा भाऊ हॉटेलात वेटर. 'स्पष्ट करा' म्हणजे इतिहासात कारणं सांगायची, विज्ञानात आकृती काढून सांगायचं, माझ्या रसग्रहणात तर अजून तिसरंच. आम्ही तिघांनी एका टेबलावर बसून हे कधी ठरवलंय? एकदाही नाही. मे महिन्यात आम्ही प्रशिक्षणाला एकत्र बसतो, तिथे पडद्यावर इंग्रजीतल्या स्लाइड वाचून दाखवतात आणि चहा गार असतो.

विषयांच्या भिंती मात्र मजबूत ठेवा. शब्दाने एका तासातून दुसऱ्या तासात जाता कामा नये. घनता विज्ञानात शिकवताना वस्तुमान भागिले आकारमान एवढंच सांगा. भूगोलाच्या बाई लोकसंख्येची घनता वेगळी शिकवतील. दोन्हीकडे एकच गोष्ट चालली आहे, किती जागेत किती कोंबलंय, हे कुर्ल्याला सकाळी सव्वाआठची जलद पकडणाऱ्या पोराला सांगायची गरजच नाही, त्याच्या बरगड्यांना ठाऊक आहे. पण त्याला कळलं तर दोन तासांचं काम पाच मिनिटांत होईल, आणि मग टाचण कसं भरणार?

'चलन' गणितात आलं की नोटा-नाण्यांचं नाव काढू नका.

विस्थापन शिकवताना फळ्यावर अ पासून ब पर्यंत रेघ ओढा. समोर बसलेल्यांतली पाच-सहा मुलं चाळ पाडल्यापासून ट्रान्झिट कॅम्पात राहतात याकडे लक्ष देऊ नका. नाहीतर त्यातला एखादा विचारेल की सर, आम्ही इथून माहुलला गेलो, मग अजून एकदा खोली बदलली, आणि टॉवर झाल्यावर परत मूळ जागी आलो तर विस्थापन किती? उत्तर शून्य. कापलेलं अंतर भरपूर, विस्थापन शून्य. एवढं सुंदर उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, म्हणून ते टाळाच. (परत येतात का, हा प्रश्न विज्ञानाच्या अभ्यासक्रमात नाही.)

माझी स्वतःची पद्धतही सांगते, म्हणजे मी दुसऱ्यांनाच शहाणपण शिकवतेय असं वाटायला नको. मी व्याकरणाच्या तासाला उपसर्ग शिकवते. अभि म्हणजे कडे, दिशेने. उदाहरण अभिमुख. मुलं लिहून घेतात. घंटा होते. पुढच्या तासाला विज्ञानाचे सर येतात, फळा पुसतात, माझा 'अभि' त्यात जातो, आणि ते लिहितात 'अभिकेंद्री बल', आणि व्याख्या सांगतात. केंद्राच्या दिशेने ओढणारं बल. पोरं ती निराळ्या वहीत घोकतात. एका फळ्यावर 40 मिनिटांच्या अंतराने अर्धा शब्द मी लिहिला आणि पुरा शब्द त्यांनी, पण कुणी पाहिलं नाही. मीही नाही, हे मला परवा भेंडी खाताना सुचलं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांना पेढा भरवला होता. फोटो आहे.

सेमी-इंग्रजीचे वर्ग असतील तर प्रश्नच मिटला. तिथे शब्द दोन्ही भाषांत येत नाहीत.

कुणी आकडेवारी पुढे केली तर घाबरू नका. 'असर' या शैक्षणिक पाहणीत 2023 साली 14 ते 18 वयाच्या सुमारे 25 टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही, असं कुणी म्हणेल. शांतपणे सांगा, ती ग्रामीण भागाची पाहणी आहे. आपण मुंबईत आहोत. आपल्याकडे शब्दभिंत आहे.

आणि निपुण भारत, म्हणजे वाचन-आकडेमोड पक्की करायची सरकारी मोहीम, वगैरे तिसरीपर्यंतचं. तिसरीनंतर मूल वाचतंच, असं आपण धरून चाललोय. गृहीत धरलंय. हा शब्दसुद्धा मधल्या थरातला बघा.

शेवटचा उपाय: मुलाला कधीही विचारू नका की बाळा, तू हे असं का लिहिलंस?

मी विचारलं. चूक झाली. मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं, भेंडीच्या डागाचा कागद पुढे ठेवला. म्हटलं, व्यस्त म्हणजे काय रे? तो म्हणाला, "बाई, फोनमध्ये बोलते ना ती. ती व्यक्ती व्यस्त आहे." बरोबर. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, त्याला व्यस्त शब्द आयुष्यात एकाच जागी भेटला होता, आणि तिथे त्याचा अर्थ कामात गुंतलेला असा होता. तो त्याने नीट लक्षात ठेवला, नवीन प्रश्नाला लावला, आणि 'सकारण' म्हटलंय म्हणून कारणही दिलं. मजूर व्यस्त असते तर आले नसते. यात तर्काची चूक दाखवा मला. तुम्हाला दाखवता येणार नाही, मी दोन दिवस प्रयत्न केला.

म्हटलं, भिंत किती दिवसांत होईल? "चार," तो म्हणाला. लगेच. "माणसं वाढली तर दिवस कमी लागणार ना, बाई. पप्पा नाक्यावर उभे राहतात. मुकादम जास्त माणसं नेतो तेव्हा काम लवकर संपतं, मग पप्पांचे खाडे होतात."

सर, मी आता उपरोध बाजूला ठेवते, कारण मला तो जमत नाहीये. त्या पोराला व्यस्त चलन तुमच्यापेक्षा बरं कळतं. त्याच्या घरात रोज चालतं ते. माणसं वाढली की दिवस कमी, दिवस कमी की पगार कमी. त्याला एक शब्द माहीत नव्हता. आणि तो शब्द तुमचा आहे, माझा नाही! भास्कराचार्य 12व्या शतकात व्यस्त त्रैराशिक सांगून गेले, तेव्हापासून गणितवाल्यांच्या घरातला शब्द आहे तो. अर्धं मिनिट लागतं. वर्गात विचारायचं, तुमचं दप्तर कसं असतं? अस्ताव्यस्त. म्हणजे कसं? उलटंपालटं. तर व्यस्त म्हणजे उलटं, एक वाढलं की दुसरं कमी होतं, आणि फोनमधली बाई बोलते तो व्यस्त वेगळा. झालं. अर्धं मिनिट, सर! तेवढ्या वेळात तुम्ही हजेरीसुद्धा घेत नाही. त्याऐवजी तुम्ही तो कागद घेऊन दोन मजले उतरून आलात, माझ्या डब्यावर टाकलात आणि सगळ्यांना हसवलंत. आणि मी हसले. लाज वाटते मला त्याची, तुम्हालाही वाटू दे थोडी.

आणि सूचना पाठवणाऱ्यांनो, भिंती नकोत आम्हाला. आठवड्यातून एक तास द्या, सगळ्या विषयांचे शिक्षक एका टेबलावर, पुढच्या आठवड्याच्या धड्यांतले दहा शब्द घेऊन. चार्टपेपर लागत नाही त्याला. फोटो निघण्यासारखं काही घडणार नाही, हीच तुमची अडचण आहे, ठाऊक आहे मला.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काल पुन्हा पाहिला. डाव्या कोपऱ्यात, कच्च्या कामाच्या जागी, पेन्सिलीने लिहिलंय: 10 गुणिले 6 बरोबर 60, भागिले 15, बरोबर 4. चारला गोल केलाय. तेलाचा डाग त्याच्या थोडा खाली आहे, त्यामुळे डागाने झाकलं गेलं असंही म्हणता येणार नाही. तीनपैकी किमान दोन गुण होतात, सर. उद्या पहिल्या तासाला मी पेपर घेऊन वर येते. लाल पेन काढून ठेवा.